गावच्या आघाडीपटूची कारकीर्द कशी लिहावी

गोव्यात एखाद्या फुटबॉल क्लबाचा रौप्य किंवा सुवर्णमहोत्सव आला की स्मरणिका निघते, आणि स्मरणिका निघाली की क्लबाच्या सर्वांत मोठ्या आघाडीपटूवर एक लेख हवाच असतो. तो लेख बहुधा समितीतल्या एखाद्या शिक्षकाच्या किंवा बँकेतून निवृत्त झालेल्या सभासदाच्या गळ्यात पडतो, मुदत अपुरी असते, आणि शेवटी ‘चपळ’, ‘धडाडीचा’, ‘प्रतिस्पर्ध्यांच्या उरात धडकी भरवणारा’ अशा विशेषणांनी दोन पाने भरली जातात. वाचून झाल्यावर तो माणूस कुठल्या पायाने खेळत असे, किती वर्षे खेळला, त्याच्या गोलांमुळे क्लबाने नेमके काय जिंकले, यातले काहीच हाती लागत नाही. असा लेख ज्याच्यावर सोपवला गेला आहे, त्याला उपयोगी पडावी अशी एक पद्धत पुढे सांगितली आहे. तिचा गाभा एवढाच की, आघाडीपटूने किती गोल केले याच्या आधी, प्रत्येक गोल झाला त्या क्षणी गोलफलक काय सांगत होता, हे शोधावे.

कोणते सामने मोजायचे, हे सर्वांत आधी ठरवावे. हे काम कंटाळवाणे वाटते म्हणून पुष्कळजण ते शेवटावर ढकलतात आणि मग आकड्यांचा घोळ निस्तरत बसतात. पेलेचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १,३६३ सामन्यांत १,२७९ गोल हा त्याचा आकडा गिनीजच्या नोंदीत आहे, पण त्यात सांतोस क्लबाने जगभर दौरे करून खेळलेले मैत्रीपूर्ण सामनेही धरलेले आहेत. केवळ अधिकृत सामने धरले तर तो आकडा कितीतरी खाली येतो. ब्राझीलसाठी त्याने केलेले ९२ सामन्यांतील ७७ गोल मात्र फिफाच्या हिशेबात पक्के बसतात. पेलेचे मोठेपण या फरकाने कमी होत नाही, तरीही वाचकासमोर कोणता आकडा ठेवला आहे हे लेखकाने सांगितलेच पाहिजे.

गोव्यात ही अडचण अधिक गुंतागुंतीची होते, कारण इथला एकच खेळाडू एकाच हंगामात क्लबाकडून राज्याच्या लीगमध्ये खेळतो, त्याच क्लबाकडून राष्ट्रीय स्पर्धेत उतरतो, बांदोडकर सुवर्णचषकात दिसतो, निवड झाली तर संतोष करंडकात गोव्याची जर्सी घालतो, आणि उन्हाळ्यात गावच्या नावाने आंतरग्राम स्पर्धाही गाजवतो. म्हणून तीन वह्या कराव्यात. पहिल्या वहीत देशाकडून आणि राज्याकडून खेळलेले सामने असावेत, दुसरीत क्लबाच्या अधिकृत लीग व चषक स्पर्धा, आणि तिसरीत मैत्रीपूर्ण, धर्मादाय व गावपातळीवरचे सामने. बेरीज तिन्ही वह्यांची वेगवेगळी द्यावी आणि एकत्र कधीच करू नये. तिसरी वही कमी प्रतीची समजू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात, निम्मे गाव कडेला उभे असताना खेळलेले सामने हाच अनेक गोमंतकीय आघाडीपटूंच्या खेळाचा पाया आहे, आणि त्यांची नोंद दुसरीकडे कुठेच होत नाही.

वर्ष लिहिताना हंगाम लिहावा. आपला हंगाम पावसाळा ओसरू लागल्यावर सुरू होऊन पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालतो, त्यामुळे नुसते १९८३ म्हटले तर गोव्याने बंगालसह संयुक्तपणे पटकावलेला १९८२-८३ चा संतोष करंडक अभिप्रेत आहे की स्वबळावर जिंकलेला १९८३-८४ चा, हे कळत नाही. गोव्याची त्यानंतरची जेतेपदे १९८९-९०, २००५-०६ आणि २००८-०९ या हंगामांतील आहेत. ‘संतोष करंडक विजेत्या संघाचा खेळाडू’ असे कुणाविषयी सांगितले गेले, तर त्याचा हंगाम या पाचांपैकी कोणता, हे विचारावे.

तारखांची अशी चाळणी हाताशी असली की आठवणींमधील पुष्कळ गोंधळ घरबसल्या दूर होतो. गोवा फुटबॉल संघटना १९५९ मधली, साळगावकर क्लब १९५६ मधला, धेंपो १९६८ मधला, चर्चिल ब्रदर्स १९८८ मधला, स्पोर्टिंग क्लब द गोवा १९९९ मधला आणि एफसी गोवा २०१४ मधला. फातोर्ड्याचे नेहरू स्टेडियम १९८९ मध्ये खुले झाले, त्यामुळे १९८५ साली तिथे मारलेल्या अफलातून गोलाची कथा कुणी सांगितली, तर एक तर वर्ष चुकले आहे किंवा मैदान. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ मध्ये सुरू झाली, २००७ मध्ये तिची जागा आय-लीगने घेतली आणि इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये आली. या तीन नावांची सरमिसळ छापील लेखांतही सर्रास आढळते.

आता साधनांकडे वळू. वृत्तपत्र हे मुख्य साधन आहे आणि त्यासाठी पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जाणे भाग आहे. मुक्तीनंतरच्या काळासाठी मराठीत ‘गोमन्तक’ १९६२ पासून आणि ‘नवप्रभा’ १९७० पासून आहे, तर इंग्रजीत ‘नवहिंद टाइम्स’ १९६३ पासून आहे. ‘ओ हेराल्डो’ १९०० मध्ये सुरू झाला, पण १९८३ पर्यंत तो पोर्तुगीजमध्ये निघत असे. त्यामुळे जुन्या पिढीतील खेळाडूवर लिहिणाऱ्याने पोर्तुगीज वाचणारे एखादे ज्येष्ठ आधीच गाठून ठेवावे. सामन्याच्या वृत्तांतापुरती भाषा सोपी असते, कारण गोल, मिनिट आणि नावे एवढेच आपल्याला हवे असते.

ग्रंथालयात जाऊन पहिल्या पानापासून चाळायला बसणे म्हणजे वेळेची नासाडी होय. जाण्यापूर्वी तारखांची यादी तयार असावी. राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या तारखा ‘आरएसएसएसएफ’ या इंटरनेटवरील सांख्यिकी संग्रहातून बऱ्याच प्रमाणात मिळतात. राज्य लीगसाठी क्लबाच्या जुन्या फाइली, चषकांवर कोरलेली वर्षे आणि घरात जपलेली कात्रणे कामी येतात. कात्रणांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. कात्रण कापणाऱ्याने बहुधा वरची तारीख आणि वृत्तपत्राचे नाव कापून टाकलेले असते, शिवाय तो फक्त विजयाचीच कात्रणे ठेवतो. म्हणून कात्रणाचा उपयोग दिशा दाखवण्यापुरता करावा आणि मूळ अंक पाहूनच नोंद करावी.

एकाच सामन्याचे निदान दोन वृत्तांत वाचावेत. गर्दीत पायाला लागून गोलात गेलेला चेंडू एक वार्ताहर आघाडीपटूच्या नावावर टाकतो, तर दुसरा त्याला स्वयंगोल म्हणतो. मिनिटे तर हमखास वेगळी असतात. दोन वृत्तांत जुळत नसतील तर आपल्याला सोयीचा निवडू नये. दोन्ही लिहून ठेवावेत आणि अशा गोलांसाठी वहीत वेगळी खूण करावी.

नावांचा प्रश्न गोव्यात विशेष त्रासदायक आहे. वृत्तांतात बहुतेक वेळा केवळ आडनाव असते, आणि एकाच संघात दोन फर्नांडिस व तीन रॉड्रिग्स असणे ही नवलाची गोष्ट नाही. त्यातच ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारख्या नावाजलेल्या गोलरक्षकाचे आडनावसुद्धा इंग्रजी वृत्तपत्रांत एकसारख्या वर्णांनी लिहिलेले सापडत नाही, मग गावच्या खेळाडूचे काय होत असेल याची कल्पना करावी. भाऊ-भाऊ असले तर घोटाळा आणखी वाढतो. ऑलिंपिक गाजवणाऱ्या नेव्हिल डिसोझाचा भाऊ डेरेक हाही भारताकडून खेळला, त्यामुळे त्या काळातील मुंबईच्या वृत्तांतात नुसते ‘डिसोझा’ दिसले तर संघाची पूर्ण यादी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्या खेळाडूच्या नावाची सर्व रूपे, वडिलांचे नाव आणि जर्सीचा क्रमांक माहीत असल्यास तो, हे वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवावे.

मुख्य काम तक्त्याचे आहे. प्रत्येक गोलासाठी एक ओळ ठेवावी आणि तिच्यात तारीख, स्पर्धा व फेरी, प्रतिस्पर्धी, मैदान, मिनिट, गोलाचा प्रकार, पास देणारा, त्या क्षणी गोलफलक आणि सामन्याचा शेवटचा निकाल हे रकाने असावेत. प्रकारात उजवा पाय, डावा पाय, हेडर, पेनल्टी, फ्री किक एवढे पुरते. यातला बराच भाग रिकामा राहील, आणि त्याची खंत करू नये. माझ्या मते सर्वांत मोलाचा रकाना गोलफलकाचा आहे, आणि तो जुन्या सामन्यांच्या बाबतीतही पुष्कळदा भरता येतो, कारण वृत्तांतात गोलांचा क्रम दिलेला असतो.

या रकान्यातून काय हाती लागते, हे नेव्हिल डिसोझाच्या उदाहरणावरून पाहावे. गोमंतकीय मुळाचा हा आघाडीपटू मुंबईच्या फुटबॉलमध्ये घडला. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले आणि त्यात नेव्हिलने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक नोंदवणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला, आणि लेख बहुधा इथेच संपतो. तक्ता मात्र पुढे बोलतो. नेव्हिलने ९ व्या मिनिटाला भारताला १-० असे पुढे नेले, ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली, ३३ व्या मिनिटाला त्याने २-१ केले, मध्यंतरापूर्वी ऑस्ट्रेलियाने पुन्हा बरोबरी साधली, आणि उत्तरार्धाच्या सुरुवातीला, ५० व्या मिनिटाला, त्याने ३-२ केले. चौथा गोल किट्टूचा होता. म्हणजे नेव्हिलचा एकही गोल सामना आधीच हातात आल्यावर झालेला नाही. तिन्ही वेळा गोलफलक बरोबरीत होता आणि तिन्ही वेळा त्याने संघाला आघाडी मिळवून दिली. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध भारत ४-१ असा हरला, पण त्यातही उत्तरार्धात पहिला गोल नेव्हिलचाच होता आणि भारत काही मिनिटे १-० असा पुढे होता. कांस्यपदकाची लढत बल्गेरियाने ३-० अशी जिंकली. त्या ऑलिंपिकमधील त्याचे चारही गोल आघाडी मिळवून देणारे होते. एका रकान्यातून निघालेले हे एक वाक्य डझनभर विशेषणांपेक्षा अधिक सांगते, आणि चौथे स्थान मिळवणाऱ्या त्या भारतीय संघात त्याचे वजन काय होते, हे वाचकाला आपोआप उमगते.

हाच रकाना दुसऱ्या बाजूनेही उपयोगी पडतो. १९६६ च्या विश्वचषकात युसेबियोने केलेल्या ९ गोलांपैकी ४ पेनल्टीवर होते, असे सांगून त्याचे महत्त्व कमी करणारे लोक भेटतात. पण उत्तर कोरियाविरुद्ध पोर्तुगाल ०-३ असा मागे पडलेला असताना त्याने सलग चार गोल करून संघाला ४-३ असे पुढे नेले, आणि त्या चारांपैकी दोन पेनल्टी होत्या. तीन गोलांची पिछाडी भरून काढू पाहणाऱ्या संघासाठी पेनल्टी घ्यायला उभे राहणे आणि ५-० ने जिंकत असताना पेनल्टी घेणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. म्हणून पेनल्टी वेगळ्या दाखवाव्यात, मात्र त्या वजा करू नयेत. गेर्ड म्युलरच्या बाबतीत तर १९७४ च्या अंतिम सामन्यात ४३ व्या मिनिटाला १-१ असताना नेदरलँड्सविरुद्ध केलेला एक गोल पश्चिम जर्मनीला विश्वविजेता करून गेला.

तक्ता भरल्यावर गोलांची तीन गटांत विभागणी करावी. पहिल्या गटात बरोबरी साधणारे किंवा आघाडी देणारे गोल घ्यावेत, दुसऱ्यात एका गोलाची आघाडी दोनवर नेणारे, आणि तिसऱ्यात उरलेले सर्व. दुसऱ्या गटाला मी मुद्दाम वेगळे ठेवतो, कारण आपल्याकडच्या पावसाळी मैदानावर एका गोलाची आघाडी किती टिकेल याचा भरवसा कुणीच देत नाही. सुनील छेत्रीने २००८ मध्ये दिल्लीत एएफसी चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानविरुद्ध हॅट्ट्रिक केली, तिच्यात पहिला गोल कोंडी फोडणारा, म्हणजे पहिल्या गटातला होता, तर दुसरा २-० आणि तिसरा ३-१ अशी आघाडी असताना झाला, म्हणून ते दोन्ही तिसऱ्या गटात जातात. भारताने तो सामना ४-१ असा जिंकला आणि १९८४ नंतर प्रथमच आशियाई चषकाच्या मुख्य फेरीत, म्हणजे २०११ च्या स्पर्धेत, प्रवेश मिळवला.

सरासरी काढण्याचा मोह सर्वांना होतो आणि ती काढावीही, पण तिच्यावर फार भार टाकू नये. म्युलरने बुंडेसलिगात ४२७ सामन्यांत ३६५ गोल केले, म्हणजे सामन्यामागे सुमारे ०.८५. एफसी गोवाच्या फेरान कोरोमिनासने, आपल्या सर्वांच्या कोरोने, इंडियन सुपर लीगमध्ये ५७ सामन्यांत ४८ गोल केले, म्हणजे सुमारे ०.८४. हे दोन आकडे जवळजवळ सारखे आहेत, आणि त्यावरून कोरो म्युलरच्या बरोबरीचा ठरतो असे फातोर्ड्यातला कट्टर समर्थकदेखील म्हणणार नाही. एकाने दीड दशक एका बलाढ्य लीगमध्ये काढले, तर दुसरा स्पेनमध्ये एस्पान्योलसाठी कारकीर्दीचा मोठा भाग घालवून तिशीनंतर गोव्यात आला आणि तीन हंगाम खेळला. सरासरीची तुलना एकाच लीगमध्ये, एकाच काळातल्या खेळाडूंमध्येच करावी. कोरोविषयी लिहायचेच तर २०१७-१८ मध्ये १८ आणि २०१८-१९ मध्ये १६ गोल करून त्याने सलग दोनदा गोल्डन बूट जिंकला, हे सांगणे अधिक प्रामाणिक आहे.

जुन्या खेळाडूंच्या बाबतीत सामन्यांऐवजी मिनिटांवरून हिशेब करावा, कारण एके काळी आपल्याकडील देशांतर्गत सामने ७० मिनिटांचे असत. गोलांना ९० ने गुणून खेळलेल्या मिनिटांनी भागावे. समजा एखाद्याने ७० मिनिटांचे २० सामने पूर्ण खेळून १५ गोल केले, तर त्याची मिनिटे १,४०० होतात आणि ९० मिनिटांमागे गोल ०.९६ येतात. तेच सामने ९० मिनिटांचे धरले तर उत्तर ०.७५ येते, म्हणजे आपणच आपल्या माणसाच्या पदरचे काढून घेतो.

आघाडीपटूला चेंडू कोण देत होता, या रकान्याकडे आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. धेंपोच्या सुवर्णकाळाविषयी लिहिताना रँटी मार्टिन्सचे नाव घेऊन थांबणे अन्यायाचे आहे. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या त्या संघात मध्यभागी ब्राझीलचा बेटो होता, क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा होते, आणि मागे महेश गवळी व समीर नाईक बचाव सांभाळत होते. रँटीने २०११-१२ च्या आय-लीगमध्ये ३२ गोल केले आणि धेंपो विजेता ठरला. पुढच्या हंगामात तो कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला आणि तिथेही २६ गोल करून लीगमध्ये पहिला आला, पण विजेतेपद चर्चिल ब्रदर्सने पटकावले. ओडाफा ओकोलीचेही असेच दिसते. २००७-०८ मध्ये चर्चिलसाठी त्याने २२ गोल केले आणि लीग धेंपोने जिंकली, तर पुढच्या हंगामात त्याचे २६ गोल झाले आणि लीग चर्चिलने जिंकली. क्लब बदलल्यावर गोल खेळाडूबरोबर गेले का, आणि विजय गेला का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले की त्या संघाचे खरे बळ कुठे होते ते उलगडते. गावच्या संघाबाबतही हेच करावे. ज्याच्या क्रॉसवर निम्मे हेडर झाले तो उजव्या बगलेचा खेळाडू बहुधा आजही त्याच वाड्यावर राहत असतो आणि त्याला कुणी काही विचारलेले नसते.

यानंतर मुलाखती घ्याव्यात, आणि त्या तक्ता झाल्यावरच घ्याव्यात. तारखा हातात असल्या की बोलण्याला आधार मिळतो आणि बोलणाऱ्याच्या स्मरणालाही वाट सापडते. संवाद कोकणीत सहज होतो, तो तसाच होऊ द्यावा. मराठी लेखात त्यांचे एखादे वाक्य द्यायचे असेल तर ते कोकणीतच ठेवावे, गोव्यातील वाचकाला ते समजते. खुद्द आघाडीपटूला ‘तो गोल कसा केलात’ असे विचारले तर अनेकदा सांगून गुळगुळीत झालेली कथा ऐकायला मिळते. त्याऐवजी त्या दिवशी मैदान कोरडे होते की चिखलाचे, बूट स्वतःचे होते की मागून आणलेले, प्रशिक्षकाने काय बजावले होते, आणि कोणती संधी हुकल्याचे अजून वाईट वाटते, असे विचारावे. हुकलेल्या संधीविषयी आघाडीपटू फार तपशिलाने बोलतात, असा माझा अनुभव आहे.

त्याच्याहून अधिक उपयोगी साक्षीदार म्हणजे त्याच्याविरुद्ध खेळलेले बचावपटू आणि गोलरक्षक. ते त्याच्या सवयी अचूक सांगतात: तो चेंडू येण्याआधी कुणीकडे पाहत असे, डाव्या पायावर ढकलला की निष्प्रभ होत असे का, कॉर्नरला जवळच्या खांबाकडे धावत असे की मागे थांबत असे. मित्रांच्या स्तुतीपेक्षा प्रतिस्पर्ध्याची तक्रार विश्वासार्ह असते.

नोकरीविषयी विचारण्यास संकोच करू नये. गोव्यातील अनेक मोठे क्लब खाणउद्योगातील घराण्यांनी उभे केले, आणि बँक, पोलीस, बंदर अशा खात्यांनीही खेळाडूंना सामावून घेतले. कुणी क्लब का बदलला, कुणी मुंबई-कोलकात्याची बोलावणी का नाकारली, याचे उत्तर पुष्कळदा कायम नोकरीत, आईच्या आजारपणात किंवा शेतीत असते. या गोष्टी छापण्यापूर्वी मात्र त्या व्यक्तीची किंवा घरच्यांची स्पष्ट संमती घ्यावी. दुखापत आणि व्यसन यांबाबत तर ही अट मोडूच नये.

कारकिर्दीचा उतार लिहिताना हात आखडू नये. गोल कमी झाले ते गुडघा गेल्यामुळे, नव्या प्रशिक्षकाने जागा बदलल्यामुळे, की परदेशी आघाडीपटू आल्यामुळे, हे तक्त्यातील मिनिटांवरून आणि मुलाखतींवरून ठरवता येते. जागा बदलणे म्हणजे घसरण नव्हे. छेत्री बंगळुरूकडून कित्येक सामने डाव्या बगलेवर खेळला आणि तरीही गोल करत राहिला. राष्ट्रीय लीग सुरू झाली तेव्हा आपल्या ब्रुनो कुतिन्होची कारकीर्द आधीच बहरलेली होती. साळगावकरने १९९८-९९ मध्ये ती लीग जिंकली तेव्हा तो संघात होता, पण लीग सुरू होण्याआधीच्या वर्षांतील त्याचे गोल लीगच्या कुठल्याच यादीत सापडणार नाहीत. अशा वेळी रिकामी जागा खेळाडूची नसून स्पर्धेची आहे, हे लिहून टाकावे. खेळत असलेल्या माणसाच्या बाबतीत ‘अखेरचा सामना’ हे शब्द जपून वापरावेत. छेत्रीने ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोपाचा सामना खेळला, तेव्हा १५१ सामन्यांत ९४ गोल अशी त्याची कारकीर्द पूर्ण झाली म्हणून सगळीकडे छापून आले. मार्च २०२५ मध्ये तो परतला आणि मालदीवविरुद्ध पुन्हा गोल करून मोकळा झाला.

लेखाची मांडणी जन्मापासून सुरू करण्याची गरज नाही. तक्त्यातील ज्या हंगामात पहिल्या गटातले गोल सर्वाधिक आहेत, तिथून सुरुवात करावी, त्यातला एक सामना सविस्तर सांगावा आणि मग मागे-पुढे जावे. ‘गोलमशीन’ हा शब्द टाळावा. त्या शब्दाने त्याचे पाय, डोके आणि सोबती सगळेच पुसले जातात. संपूर्ण तक्ता लेखाच्या शेवटी छापावा, अक्षर बारीक झाले तरी चालेल, आणि जाहिरातीच्या पानासाठी तो गाळू देऊ नये. छायाचित्राखाली उभे-बसलेले सर्वजण डावीकडून नावानिशी लिहावेत. आज ती नावे ओळखणारे लोक आहेत.

छापण्यापूर्वी मजकूर तिघांना वाचायला द्यावा: खेळाडूच्या घरी, त्याच्याबरोबर खेळलेल्या एकाला, आणि शेजारच्या गावातील प्रतिस्पर्धी क्लबातल्या एका जाणकाराला. तिसरा माणूस सर्वाधिक चुका काढतो. ज्या गोलांबाबत दोन वृत्तांत किंवा दोन साक्षी जुळल्या नाहीत, ते बेरजेत न धरता वेगळ्या यादीत दोन्ही बाजूंसह द्यावेत. स्मरणिकेची एक प्रत आणि मूळ वह्यांची छायाप्रत मध्यवर्ती ग्रंथालयाला द्यावी, एक क्लबाच्या कपाटात ठेवावी, आणि क्लबाच्या प्रतीत कोरी पाने जोडावीत, म्हणजे पुढे कुणाकडे एखादे कात्रण सापडले तर त्याची नोंद तारखेसह तिथे करता येईल.